पावसाचा अंदाज वाचायचा कसा, तपासायचा कसा आणि कुठे सोडून द्यायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शिवारासाठी

बेळगावात मराठी वाहिनी लावली की ‘मध्य महाराष्ट्रात मुसळधार’ अशी पट्टी फिरते आणि त्या पट्टीवर निपाणीपासून खानापूरपर्यंत फवारण्या थांबतात, पेरण्या ठरतात. ती पट्टी आपल्या शिवारासाठी नसते. हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात येतो, कन्नड बातम्यांतला ‘उत्तर ओळनाडू’ तो हाच. शेजारचे चंदगड, गडहिंग्लज, कागल मध्य महाराष्ट्रात आणि चोर्ला घाट उतरला की कोकण-गोवा. ‘अंदाज चुकला’ म्हणून जी ओरड होते, तिच्यातली बरीचशी दुसऱ्याच्या गावचा अंदाज वाचल्यामुळे होते.

तेव्हा आधी आपला अंदाज कुठला ते ठरवा. ‘मेघदूत’ अ‍ॅपमध्ये राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगावी असं निवडा. त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज व शेतीसल्ला येतो. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर बसवलेली आहेत. काल आपल्या पंचायतीत किती मिलिमीटर पडला हे तिथून कळतं आणि पडताळणीसाठी त्याइतकी सोयीची गोष्ट नाही. जांबोटी-कणकुंबी पट्टा मात्र कागदावर उत्तर अंतर्गत कर्नाटकात असला तरी वागतो घाटमाथ्यासारखा. तिथल्या लोकांनी गोव्याचा अंदाज आणि गोव्याच्या रडारचं चित्र आधी बघावं, मग जिल्ह्याचं. निपाणीच्या पश्चिमेला कोल्हापूरचा अंदाज सोबत वाचलेला बरा.

अंदाजातल्या शब्दांना आकडे असतात

हवामान खात्याच्या पत्रकातला प्रत्येक शब्द मोजून घातलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. 24 तासांत 2.5 मिमी झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात, मध्यरात्र ते मध्यरात्र असे नाही. रात्री दोनला पडलेला पाऊस ‘आदल्या दिवसा’चा की ‘आजचा’ यावरून होणारे निम्मे वाद इथेच मिटतात.

शक्यतेचे शब्दही ठरलेले आहेत. खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ लिहिलं तर 25 ते 50 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75, ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे 75 च्या वर. बातमीत उतरताना तिन्हींचं ‘शक्यता’ होतं. म्हणजे ‘पावसाची शक्यता’ असं वाचलं आणि पाऊस आला नाही, तर अंदाज खोटा ठरला असं होत नाही. न येण्याची शक्यताच जास्त होती असंही असू शकतं. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता’ हे वाक्य आकड्यांत मांडून बघा. मूळ पत्रकात ‘लाइकली’ असेल तर घटना घडण्याची शक्यता फार तर 50 टक्के, घडली तर फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर. दोन्हींचा गुणाकार केला तर एखाद्या सर्वसाधारण गावावर जोरदार सर येण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांच्या आत येते. सर्वसाधारण हा शब्द महत्त्वाचा. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीला वर्षाला पडतो त्याचा लहानसा हिस्साच अथणीत पडतो, त्यामुळे तो तुरळक पाऊस अथणीपेक्षा कणकुंबीवर कोसळण्याचीच शक्यता कितीतरी जास्त.

रंगांचं एवढंच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग पावसाच्या मापावर आणि त्यातून होऊ शकणाऱ्या परिणामावर ठरतो, नुसत्या खात्रीवर नाही.

मोजमापाशिवाय पडताळणी नाही

अंगणात स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. 16 सेंमी व्यासाचं प्लॅस्टिकचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 201 चौरस सेंमी भरतं, म्हणजे नरसाळ्यातून जमा झालेलं 20 मिली पाणी म्हणजे 1 मिमी पाऊस. खाली बाटली, सांध्याला पाणी शिरणार नाही असा घट्ट बसवलेला रबर, आणि मोजायला औषधाच्या दुकानातला मोजपेला. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर जमा मिलीला 10 ने गुणून तोंडाच्या चौरस सेंमीने भागा.

बाटलीचा आकार जागेवर ठरतो. दोन लिटरची बाटली 100 मिमीला भरून वाहते. अथणी, रायबागला ती चालेल, पण खानापूरच्या पश्चिमेला पाच लिटरचा कॅन लागतो आणि तोही जुलैत अडीचशे मिमीला संपतो. नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून 30 सेंमीवर आणि अगदी सपाट पातळीत ठेवा. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ते बसवा. छपराच्या कडेला, नारळाखाली किंवा गच्चीच्या कठड्यालगत ठेवलेलं मापक वाऱ्याच्या पावसात हमखास कमी दाखवतं. एप्रिल-मेमध्ये नरसाळ्यात पालापाचोळा अडकून पाणी वर साचतं आणि उन्हात आटतं, म्हणून तोंडावर जाळी लावा. वाचन साडेआठलाच.

वही आणि गुण

एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: अंदाज कधी पाहिला, कोणत्या दिवसासाठी, प्रश्न काय, किती टक्के, आणि घडलं तर 1, नाही तर 0. प्रश्न असा हवा की दोन माणसं भांडू शकणार नाहीत. ‘उद्या पाऊस आहे का’ हा प्रश्न नव्हे. ‘उद्या साडेआठ ते परवा साडेआठ या वेळेत माझ्या मापकात 2.5 मिमी किंवा जास्त जमेल का’ हा प्रश्न. अंदाज शाईने लिहा आणि निकाल लागण्याआधी लिहा. मागाहून सुधारलेली वही रद्दीत टाकण्याच्या लायकीची.

गुण द्यायची रीत अमेरिकन हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये मांडली आणि आजही जगभरातली हवामान केंद्रं ती वापरतात. टक्के दशांशात लिहा, निकाल (1 किंवा 0) त्यातून वजा करा, उत्तराचा वर्ग करा. 80 टक्के म्हटलं आणि पाऊस आला तर 0.04, नाही आला तर 0.64. सगळ्या दिवसांची सरासरी काढा. कमी तितकं चांगलं. डोळे मिटून रोज 50 टक्के म्हणणाऱ्यालाही 0.25 मिळतात, म्हणून त्याच्या वर ज्याचे गुण गेले तो अंदाज ऐकण्यात अर्थ नाही.

तरीही नुसत्या गुणांवर भाळू नका. जुलैत कणकुंबीला बसून रोज ‘97 टक्के पाऊस’ म्हणणाऱ्याचे गुण उत्तमच येतील, कारण तिथे पाऊस पडतोच. त्यासाठी तुलनेला पाया लागतो: मागच्या पाच-दहा वर्षांत याच महिन्यात असे दिवस किती? समजा अथणीजवळच्या एखाद्या गावात पाच जून महिन्यांच्या 150 दिवसांत 30 दिवस पावसाचे निघाले. पाया 20 टक्के. रोज 20 टक्के म्हटलं तर गुण 0.2 गुणिले 0.8, म्हणजे 0.16. अ‍ॅपचे गुण 0.12 आले, तर 1 वजा (0.12 भागिले 0.16), म्हणजे 0.25, अ‍ॅपने पायापेक्षा चौथा हिस्सा सुधारणा केली. उत्तर शून्य आलं तर अ‍ॅपने जुन्या नोंदींहून काही वेगळं सांगितलं नाही, आणि उणे आलं तर त्यापेक्षा जुनी वही बरी. पाया 20 ते 80 टक्क्यांच्या मध्ये येईल असा प्रश्न निवडा, कणकुंबीला 2.5 मिमीऐवजी 64.5 मिमीची मर्यादा धरली की प्रश्नात जीव येतो.

जुन्या नोंदी नसतील तर ‘काल जसं तसं आज’ हा पाया धरा. पावसाळ्यात हा पाया हरवणं वाटतं तेवढं सोपं नाही.

एका महिन्याच्या नोंदीवर निकाल देऊ नका. आपल्याकडे पाऊस झडीने येतो आणि उघडीपही आठवडाभर असते, त्यामुळे 30 दिवस म्हणजे 30 स्वतंत्र परीक्षा होत नाहीत, प्रत्यक्षात सहा-सातच होतात. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस पूर्ण होऊ द्या. मग ‘70 टक्के’ म्हटलेले सगळे दिवस एकत्र काढा. त्यातल्या दहापैकी साधारण सात दिवशी पाऊस झालेला असेल तर तो स्रोत प्रामाणिक टक्के देतो. चारच दिवशी झाला असेल तर त्याच्या 70 ला मनात 40 समजून चाला. स्रोत फेकून द्यायची गरज नाही.

आणखी एक फसगत. फोनमधल्या चार अ‍ॅपनी एकच सांगितलं की चार साक्षीदार मिळाले असं वाटतं. बहुतेक अ‍ॅप एक-दोन परदेशी संगणक-प्रारूपांचे (मॉडेलांचे) आकडे घेऊन वेगळ्या रंगात दाखवतात. साक्षीदार एकच असतो.

नक्षत्र, वाहन, भाकणूक यांनाही हीच वही

मृग दरवर्षी 7-8 जूनला निघतो, कारण नक्षत्र सूर्याच्या वाटेवर मोजलं जातं आणि प्रत्येकाला साधारण साडेतेरा दिवस मिळतात. ‘मृगात पेरावं, हस्तात पाऊस गडगडतो’ यात पिढ्यांची नोंद आहे, वरच्या हिशेबातला तो पायाच. तो उपयोगी आहे, फक्त यंदाबद्दल वेगळं काही सांगत नाही.

पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाचं तसं नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं, बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा ठरवायचा. या भागाकारात अरबी समुद्राचं तापमान नाही की बंगालच्या उपसागरातला कमी दाब नाही. पटत नसेल तर पडताळणी फार सोपी आहे, कारण वाहनं आधीच छापलेली असतात: मागच्या दहा वर्षांची पंचांगं घ्या, मृग ते हस्त नऊ नक्षत्रं, म्हणजे 90 नोंदी. बेडूक, म्हैस, हत्तीच्या नक्षत्रांत इतरांपेक्षा खरंच जास्त मिलिमीटर पडला का ते पंचायतीच्या आकड्यांवरून काढा. तुलना करताना आर्द्रेची आर्द्रेशीच करा, हस्ताशी नको, नाहीतर ऋतूचं श्रेय बेडकाला जाईल.

आप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथ यात्रेतली भाकणूक ऐकायला सीमाभाग लोटतो. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा मान तिथे. पण जिच्यात तारीख, गाव आणि माप नाही ती गुणांच्या रकान्यात बसत नाही. खरी किंवा खोटी ठरवायला धागाच नसतो. कुंडलीची परीक्षा मात्र रीतसर झाली आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर निघाली 46 टक्के. नाणेफेकीला 50 मिळाले असते.

पाच दिवसांपुढे धूसर का होतं

1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एडवर्ड लॉरेंझ संगणकावर हवामानाचं एक लहान प्रारूप चालवत होते. मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी 0.506127 ऐवजी छापील कागदावरचा 0.506 हा आकडा घातला. सुरुवातीला दोन्ही गणितं जुळली, मग फाटत गेली आणि शेवटी एकाचा दुसऱ्याशी संबंध उरला नाही. 1963 च्या शोधनिबंधात त्यांनी याचं गणित मांडलं. सुरुवातीची चूक ठरावीक काळात दुप्पट होत जाते, आणि आजची हवा आपण कधीच नेमकी मोजू शकत नाही. त्यामुळे रोजच्या हवेचा अंदाज दोन आठवड्यांच्या आसपास संपतो. कितीही मोठा संगणक आणला तरी तो महिनाभर पुढे जात नाही. ‘28 जुलैला बेळगावात पाऊस’ असं जूनमध्ये सांगणारं अ‍ॅप सरासरी दाखवत असतं.

टक्के येतात तेही इथूनच. सुरुवात किंचित बदलून तेच प्रारूप अनेकदा चालवतात. भारतीय हवामान खात्याची 2018 पासूनची अशी एक व्यवस्था 21 वेळा चालते आणि ती जमिनीचे सुमारे 12 किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. 21 पैकी 14 मध्ये पाऊस दिसला की 67 टक्के. 12 किलोमीटरच्या चौकोनात घाटमाथा आणि त्यामागची कोरडी पट्टी एकत्र येऊ शकते, म्हणून आपल्या पश्चिम पट्ट्यात ही प्रारूपं मिलिमीटरमध्ये चुकतात; पाऊस वाढणार की ओसरणार हे बरं सांगतात.

वळवाचं आणखी अवघड. एप्रिल-मेचा ढग दुपारनंतर तयार होतो, तासाभरात कोसळून संपतो. येळ्ळूरला गारा आणि शेजारच्या शिवारात धूळ. याचा नेमका अंदाज आदल्या दिवशी देता येत नाही. आदल्या दिवशी एवढंच कळतं की हवा वळवाला पोषक आहे. ढग रडारवर दिसल्यावर दोन-तीन तासांचं सांगता येतं, आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप. यातून एक फायदाही निघतो: वळवाच्या दिवसाचे 40 टक्के मुख्यतः दुपारनंतरचे असतात, तेव्हा सकाळी सातला केलेली फवारणी बहुधा वाळते.

हंगामाचा अंदाज वेगळ्या जातीचा. तो समुद्राच्या तापमानावर चालतो आणि समुद्र सावकाश बदलतो. पण तो देशाचा असतो: जून ते सप्टेंबरची 87 सेंमी सरासरी धरून टक्के. 2019 ला अंदाज 96 टक्क्यांचा होता. जूनमध्ये देशभर 33 टक्के तूट पडली आणि हंगाम संपला 110 टक्क्यांवर. मधल्या ऑगस्टात आपल्याकडे महापूर. 2023 ला पुन्हा अंदाज 96, प्रत्यक्षात 94, म्हणजे आकडा जवळपास बरोबर. त्याच वर्षी देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला आणि कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. हंगामाच्या अंदाजावर धरणवाल्यांनी आणि धान्य साठवणाऱ्यांनी चालावं. दोन एकरांच्या पेरणीची तारीख त्यावर ठरवू नये. सोयाबीनला 75 ते 100 मिमी पडून घात (पेरणीजोगा ओलावा) आल्याशिवाय कुरी लावायची नाही, हा नियम त्यापेक्षा भरवशाचा. धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीत पेरायच्या, भाताचं गणित उलटं आहे: तिथे मेअखेरीची कोरडी खिडकी हवी, म्हणून केरळात मान्सून येण्याचा अंदाज पाहावा आणि त्याचे अधिक-उणे चार दिवस धरूनच पाहावा. 2025 ला अंदाज 27 मे होता, पाऊस आला 24 ला. अंदाज बरोबर, पण 27 धरून बसलेल्याची खिडकी गेली.

नदीचा अंदाज पावसाहून सोपा

पडून गेलेलं पाणी वाटेत असतं, म्हणून नदीबद्दल जास्त खात्रीने बोलता येतं. चिकोडी तालुक्यासाठी रीत ठरलेली आहे: कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग अधिक दूधगंगेचा सदलग्याजवळचा विसर्ग, म्हणजे कल्लोळला येणारं पाणी. दोन्ही आकडे पावसाळ्यात रोज मिळतात. पुलाच्या खांबावर रंगाने फुटाच्या खुणा करा. राजापूरला वाढ सुरू झाल्याची वेळ आणि तुमच्या खुणेवर ती दिसल्याची वेळ, एवढंच लिहीत जा. पाच-सहा चढ नोंदले की फरक कळतो. पाणी पात्राबाहेर पसरलं की मात्र वेग मंदावतो, म्हणून मोठ्या पुराचा फरक वेगळा लिहा.

धरणाचा हिशेब पाटीवर होतो. दिवसभर 11,574 क्युसेक (सेकंदाला घनफूट) वाहिलं की 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट). कोयनेची क्षमता 105 टीएमसी. साठा 75 आणि आवक 1 लाख क्युसेक असेल, तर रोज 8.64 टीएमसी भरतं आणि साडेतीन दिवसांत धरण काठोकाठ. प्रत्यक्षात दरवाजे त्याआधीच उघडतात. इथे गणित संपतं: दरवाजा किती आणि कधी उघडायचा, अलमट्टीतून किती सोडायचं, हे माणसं ठरवतात. सांगलीच्या आयर्विन पुलावर 40 फूट इशारा, 45 धोका. तो आकडा चढताना दिसला की नदीकाठची मोटर काढायला घ्या, जाहीर सूचनेची वाट नको.

बळ्ळारी नाल्यासारख्या ओढ्यांत असा आधी कळण्याचा वेळ मिळत नाही. तिथे वरच्या भागातला तासाचा पाऊस हीच सूचना.

किती टक्क्यांना हलायचं

काळजी घेण्याचा खर्च भागिले काळजी न घेतल्यास होणारं नुकसान. अंदाजाचे टक्के या उत्तराच्या वर गेले की काळजी घ्यायची. काढून टाकलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली घ्यायला मजुरीसह 1,500 रुपये आणि भिजलं तर 10,000 चं नुकसान असेल, तर उंबरठा 15 टक्के. म्हणजे ‘लाइकली’ एवढ्यावरही झाकायचं. उलट, भाताची मळणी मशीन परत पाठवली तर 6,000 चा फटका आणि भिजलं तर 8,000 चा, तर उंबरठा 75. ‘व्हेरी लाइकली’लाही मशीन चालू द्यायचं. एकाच अंदाजावर दोन शेजारी उलट वागले आणि दोघेही बरोबर असू शकतात. रुपये आपापले घाला, ऐकीव नकोत.

भाव

रताळी, बटाटे, कोबी यांच्या भावाचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा वाचू नका. अंदाज छापल्याने पाऊस बदलत नाही, भाव बदलतो. यंदा नवरात्रात रताळ्याला भाव चढला की पुढच्या जूनमध्ये वेलांची लावण वाढते आणि मार्केट यार्डात एकाच आठवड्यात ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊस तर बारा महिन्यांपुढचा, त्यामुळे चूक कळेपर्यंत दुसरी लावण झालेली असते. कोणी नेमका आकडा सांगत असेल तर तो ऐकून घ्या आणि वहीत लिहा, पण लावणीचं क्षेत्र वेगळ्या हिशेबाने ठरवा: बेळगाव बाजार समितीतला त्याच आठवड्याचा मागच्या पाच वर्षांचा सर्वसाधारण भाव काढा आणि पाचातला सर्वांत कमी घ्या. त्या भावात काढणी, वाहतूक, अडत आणि बियाणं निघत असेल तर पूर्ण क्षेत्र लावा. निघत नसेल तर जेवढ्याचा तोटा सोसता येईल तेवढंच, आणि उरलेल्या शिवारात ज्याचा माल दुसऱ्या महिन्यात यार्डात जातो असं पीक.